दोनदा मोजलेला डोंगर

नेमबाजीच्या क्लबात तिला सगळे बत्तिशीबाई म्हणत. ती कवळ्या बनवायची. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे लांबट खोली होती. तिथे खिडकीखालच्या टेबलाशी, मेण आणि प्लास्टरच्या वासात तिची चोवीस वर्षं गेली होती. कवळीत केसाएवढी चूक राहिली तरी माणसाची जीभ दिवसभर तीच जागा चाचपत बसते. त्यामुळे हाताला घाई नाही आणि थरथर तर मुळीच नाही, असं तिचं वळण पडलं होतं. पहिल्या दिवशी तिचा धंदा ऐकून कुणीतरी हे नाव ठेवलं. तिनेही हसून बत्तिशी दाखवली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

अकरा वर्षं ती लांब पल्ल्याची रायफल चालवत होती. सहाशे मीटर, साडेसातशे, नऊशे. एवढ्या लांब गोळी सरळ जात नाही. वर उडवलेल्या दगडासारखी ती कमान करून जाते आणि वाटेत हवा तिला मागे ओढत असते. हवा दाट असली की गोळी लवकर मंदावते आणि जास्त खाली येते. विरळ असली की कमी. म्हणून आधी हवेचा हिशेब करायचा, आणि तेवढे क्लिक रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवायची. नऊशे मीटरवर एक क्लिक म्हणजे नऊ सेंटिमीटर. तिच्या घरच्या मैदानावर, सपाटीला, नऊशे मीटरसाठी एकशे आठ क्लिक लागत. तो आकडा तिला स्वतःच्या वयासारखा पाठ होता.

त्या वर्षीची मोठी स्पर्धा डोंगरावरच्या मैदानात होती. नियम असा, की प्रत्येक नेमबाजाबरोबर एक जोडीदार हवा. त्याने मागे बसायचं, तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते बघायचं आणि गुण लिहायचे. आजवर हे काम तिचा नवरा करी. पण स्पर्धेच्या दहा दिवस आधी छताला रंग देताना तो शिडीवरून घसरला आणि पायाचं हाड मोडून बसला.

"आबांना घेऊन जा," तो पलंगावरून म्हणाला.

"आबांना? अहो, फटाका वाजला तरी ते खिडकी लावून घेतात."

"कानात बोळे घालतील. आणि इथे राहून दोन दिवस माझ्या पायाकडे बघत बसतील, त्यापेक्षा बरं."

आबा म्हणजे तिचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. वेधशाळेत छत्तीस वर्षं निरीक्षक होते. ठरलेल्या वेळी जाऊन पारा बघायचा, तापमान बघायचं, पावसाच्या भांड्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले त्याच वर्षी तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसलं. शेजारीपाजारी अजूनही विचारत, "काय आबा, आज पाऊस का?" त्यावर आबा चिडत. "मी मोजायचो. भविष्य सांगणारा बसस्टँडवर बसतो, त्याला विचारा."

सुनेचा नेमबाजीचा नाद त्यांना पसंत नव्हता. तसं ते बोलले कधीच नाहीत. पण अकरा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की कुठे लागली, किती लागल्या. ती बक्षीस घेऊन आली की ते "बरं" म्हणत आणि वर्तमानपत्राचं पान उलटत.

तरी या वेळी ते हो म्हणाले. मुलाच्या शब्दाखातर म्हणा, की घरात बसून कंटाळले होते म्हणून म्हणा. दोन स्वेटर, कानटोपी आणि एक जुनी वही घेऊन ते बसमध्ये तिच्याशेजारी खिडकीशी बसले. सहा तासांच्या प्रवासात ते फारसं बोलले नाहीत. घाट चढताना मात्र एकदा कान चोळत म्हणाले, "नऊशेच्या वर आलो." तिला वाटलं, ते नेमबाजीच्या पल्ल्याबद्दल बोलतायत; ते घाटाची उंची सांगत होते.

मैदानाशेजारी बैठं विश्रामगृह होतं. त्यांना समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. पत्र्याचं कपाट, एक टेबल, खिडकीबाहेर उतरत जाणारं गवत. फाटकावर पाटी होती: उंची १५०० मीटर.

दुसरा दिवस सरावाचा. सकाळी आठला थंडी होती. बत्तिशीबाईने तिचं मुठीएवढं यंत्र बाहेर काढलं. ते तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब दाखवायचं. दाब आला ८४६. हे आकडे तिने फोनमधल्या नेमबाजीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये भरले, पाटीवरची उंची भरली आणि उत्तर मागितलं. नऊशे मीटरसाठी अठ्ठ्याऐंशी.

"वीस क्लिकनी कमी!" ती खूश झाली. "बघा आबा, इथली हवा किती विरळ आहे."

"हं," आबा म्हणाले. कानात कापसाचे बोळे होते, ऐकू आलं की नाही देव जाणे.

शेजारच्या जागेवर बेकरीवाला होता. त्यांच्याच क्लबातला. उंच, जाडजूड, पहाटे तीनला उठून पाव भाजणारा. गेली चार वर्षं क्लबाच्या यादीत तो तिच्यापुढे एक पायरी होता, कधी दोन गुणांनी, कधी तीन. हिशेबात मात्र कच्चा. "बत्तिशीबाई, तुमचं कोष्टक द्या बुवा," असं त्याने निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं आणि तिने त्याच्या फोनवर तेच सगळं बसवून दिलं होतं, उंचीच्या चौकटीसकट.

ती चटईवर पालथी झाली. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

आबा दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. "कागदावर नाही," ते म्हणाले. "खाली मातीत. चौकटीच्या एक वीत खाली धूळ उडाली."

माणसाच्या उंचीएवढा चौकोनी कागद होता. तो चुकणं म्हणजे नवशिक्याचं काम. तिने पुन्हा मारली. पुन्हा तिथेच धूळ. पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एका ताटलीएवढ्या जागेत, कागदाखालच्या मातीत गेल्या. शेजारी बेकरीवाल्याची तीच गत.

"बसमध्ये दणका बसला असणार," तो घाम पुसत म्हणाला. "दुर्बीण हलली. दोघांचीही हलली! मी सोडतो स्क्रू आणि पहिल्यापासून बसवतो."

मोठ्या पल्ल्याचा सराव अकराला बंद झाला. त्यानंतर नऊशेवर गोळी मारायला मिळणार होती ती थेट स्पर्धेत, आणि स्पर्धेत पहिल्या गोळीपासूनच गुण धरले जात. चाचणीची गोळी नाही, काही नाही.

खोलीवर येऊन तिने रायफल टेबलावर ठेवली, छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दुर्बिणीच्या पट्ट्यांवर वाकली. आबा दारात उभे होते.

"काय करतेस?"

"दुर्बीण हललीय. सोडून नीट बसवते."

"हललीय हे कशावरून?"

"गोळ्या खाली जातायत, आबा. तुम्हीच बघितल्यात ना?"

"खाली जातायत, पण सगळ्या एकाच जागी. ढिलं झालेलं यंत्र असं वागत नाही. ते कधी वर दाखवतं, कधी खाली." आबा दोन पावलं आत आले. "आमच्याकडे एखाद्या यंत्राचा संशय आला की पहिल्यांदा त्याने माहीत असलेली गोष्ट मोजायची. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. शून्य दाखवलं तर तो शहाणा आणि आपण..."

"आबा, हा थर्मामीटर नाही!" तिचा आवाज चढला. "तुम्हाला यातलं काय कळतं? अकरा वर्षांत कधी एक शब्द विचारलात?"

आबांनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि ते बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत होतं. ती ते फिरवणार होती, आणि फिरवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण तोंडावर बोललो हे तिला लागलं होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. कवळी दुखते म्हणून तक्रार घेऊन कुणी आलं तर आपण लगेच कवळी घासायला घेत नाही. आधी ती साच्यावर बसवून बघतो. साच्यावर नीट बसली तर दोष कवळीत नसतो, हिरडीत असतो. आबा वेगळं काय सांगत होते?

तिने रायफल उचलली आणि जवळच्या पल्ल्याच्या मैदानावर गेली. ते दुपारीही उघडं होतं. शंभर मीटर. एवढ्याशा अंतरात हवा दाट असो की विरळ, गोळीला तिची जाणीवच होत नाही. तिने चकती मूळ जागेवर आणली आणि तीन गोळ्या मारल्या. तिन्ही मधल्या काळ्या ठिपक्यात, एकमेकींना चिकटून. अंगठा ठेवला तर झाकल्या जातील अशा.

परत आली तेव्हा आबा बाकावर तसेच बसले होते. कानटोपी मांडीवर.

"आबा," ती म्हणाली, "दुर्बीण जागच्या जागी आहे."

"हं."

"मघाशी मी बोलले ते..."

"बोललीस ते खरंच होतं. मी कधी विचारलं नाही." त्यांनी बाकावर बाजूला सरकून जागा केली. "बस. जवळ नीट लागते, लांब लागत नाही. मग गडबड यंत्रात नाही, वाटेत आहे. वाटेत काय असतं?"

"हवा."

"मग हवेचा काय हिशेब केलास तो दाखव. अगदी पहिल्यापासून."

तिने फोन त्यांच्या हातात दिला. आबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडदा नाकाजवळ नेला. तापमान बघितलं, मान डोलावली. दमटपणा बघितला.

"दमट हवेला कमी क्लिक दाखवतं का हे?"

"हो, थोडे. मला ते उलटंच वाटतं. दमट हवा जड असते ना?"

"जड वाटते. वजनाला हलकी असते. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी. ती मिसळली की हवा हलकी झाली. साहेब लोकसुद्धा इथे फसायचे." आबांचा आवाज मोकळा झाला होता. बोट खाली सरकलं आणि थांबलं. "दाब ८४६. हा कुठला?"

"कुठला म्हणजे? इथला. माझ्या यंत्राने दाखवलेला."

"आणि खाली उंची १५०० लिहिलीय, ती कशाला?"

"चौकट होती, म्हणून भरली."

आबा हसले. अगदी खुसुखुसू, खांदे हलवत. तिने त्यांना असं हसताना फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"सूनबाई, तू डोंगर दोनदा मोजलास."

"म्हणजे?"

"हे बघ. डोंगरावर आपल्या डोक्यावर हवा कमी, म्हणून पारा खाली असतो. पण नकाशात डोंगरावरचं गाव आणि समुद्रकाठचं गाव शेजारी मांडायचं, तर दोघांना एका पायरीवर आणावं लागतं. म्हणून आम्ही काय करायचो, डोंगराच्या उंचीएवढी हवा हिशेबात मिळवायचो. हे गाव समुद्रकाठी असतं तर दाब किती आला असता, ते काढायचो. बातम्यांत सांगतात तो तसला दाब. त्याचा आकडा हजाराच्या आसपास असतो. छत्तीस वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा मी हेच केलंय, झोपेतही करीन."

"बरं."

"तुझा हा प्रोग्रॅम तसला दाब मागतो आणि शेजारी उंची मागतो. मग उंचीएवढी हवा वजा करून इथला दाब काढतो. तू त्याला इथलाच दाब दिलास. त्यातून डोंगर आधीच वजा झालेला. त्या बिचाऱ्याने पुन्हा वजा केला. त्याला वाटलं आपण तीन हजार मीटरवर बसलोय. तेवढ्या विरळ हवेचे क्लिक दिले त्याने."

बत्तिशीबाईने कपाळावर हात मारून घेतला. घरचं मैदान समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस मीटरवर. तिथे चौकटीत तीस लिहिलं काय आणि शून्य लिहिलं काय, फरक पडत नव्हता. अकरा वर्षं चूक तिथेच होती, पण तिला अंग पसरायला जागा नव्हती.

तिने उंचीची चौकट उघडली आणि शून्य केलं. उत्तर बदललं. नव्व्याण्णव.

"अकराचा फरक," ती पुटपुटली. "अकरा नव्वे नव्व्याण्णव. एक मीटर! आबा, मधल्या ठिपक्यापासून एक मीटर खाली म्हणजे बरोबर तिथेच, जिथे धूळ उडत होती!"

"मग जुळलं," आबा म्हणाले, आणि त्यांनी आपली वही उघडून तारीख, वेळ, तापमान आणि दाब लिहून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहिला.

ती उठली आणि पुन्हा बसली. समोरच्या उतारावर बेकरीवाला गवतात मांडी घालून बसलेला दिसत होता. रायफलीवरची दुर्बीण काढून रुमालावर ठेवलेली, चार स्क्रू शेजारी ओळीने मांडलेले. चार वर्षं हा माणूस तिच्यापुढे एक पायरी होता. उद्या तो अठ्ठ्याऐंशी क्लिक लावून पहिल्या दोन-चार गोळ्या मातीत घालणार. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं इथे बसून राहायचं होतं.

आबांनी तिची नजर कुठे आहे ते बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

"माझंच कोष्टक आहे त्याच्याकडे," ती जराशाने म्हणाली. "माझीच चूक त्याच्या फोनात आहे."

"हो ना," आबा म्हणाले.

ती उतारावरून खाली गेली. बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी तिच्याकडे, मग रुमालावरच्या स्क्रूंकडे बघितलं.

"अहो बाई, हे दोन तासांपूर्वी सांगता आलं असतं!"

"दोन तासांपूर्वी मलाच माहीत नव्हतं."

"आणि दुर्बीण ठणठणीत होती?"

"ठणठणीत. तुम्ही हात लावेपर्यंत."

तो गडगडाटी हसला. मग दोघं मिळून कामाला लागली. तिने पट्ट्या धरल्या, त्याने स्क्रू आवळले, आणि संध्याकाळी मैदान बंद होईपर्यंत ती शंभर मीटरवर त्याच्यामागे बसून सांगत राहिली, "अजून दोन डावीकडे... एक खाली... बस." शेवटची गोळी मध्ये लागली तेव्हा बेकरीवाल्याने घरून आणलेल्या बिस्किटांचा डबाच तिच्या हातात दिला. "वेधशाळावाल्यांना द्या," म्हणाला.

स्पर्धेचा दिवस स्वच्छ उजाडला. सहाशे मीटर सकाळी झालं. ती जमिनीवर, आबा मागे स्टुलावर, दोन स्वेटर घालून. आबा "नऊ", "दहा", "दहा" असे आकडे सांगायचे ते पारा वाचल्यासारखे, एका सुरात. साडेसातशेही बरं गेलं. एकदा वाऱ्याने फसवलं आणि एक गोळी कडेला गेली. तिने जीभ चावली. आबांनी "सात" म्हटलं आणि तसंच लिहिलं.

नऊशेची पाळी आली ती भर दुपारी. ऊन चढलं होतं. ती यंत्राकडे वळली. यंत्र काळ्या रबरी चटईच्या टोकाला ठेवलेलं होतं. तापमान एकतीस.

"एवढं गरम? मग हवा आणखी विरळ झाली." तिने फोनवर बोटं चालवली. "त्र्याण्णव."

"थांब," आबा म्हणाले. ते कंबरेला हात लावून उठले, यंत्र उचललं आणि स्टुलाखालच्या सावलीत, दोरीने टांगून ठेवलं. "उन्हातला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही. स्वतःचं सांगतो. तुला चटई किती तापलीय ते कळलं. गोळी चटईतून जाणार नाही."

"पण पाळी आली, आबा. चार मिनिटं आहेत."

"चार मिनिटं पुष्कळ झाली. श्वास घे."

ती पालथी पडून राहिली. डावीकडे बेकरीवाल्याने मान वळवून बघितलं, स्वतःचं यंत्र उन्हातून उचललं आणि गुपचूप आपल्या पोटाच्या सावलीत धरलं. तीन मिनिटं गेली. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"वीस," आबांनी वाचलं. "वीस आणि दाब ८४५."

तिने आकडे भरले. शहाण्णव. कुठे त्र्याण्णव, कुठे शहाण्णव. तीन क्लिक म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर. काल हीच गोष्ट कुणी सांगितली असती तर तिने वाद घातला असता. आज तिने चकती फिरवली, क्लिक मोजले आणि गाल रायफलीला टेकवला.

चाप ओढला. दणका खांद्यात बसला.

मागून आकडा आला नाही.

"आबा?"

तिने गाल रायफलीवरच टेकवून ठेवला.

"आबा, कुठे लागली?"

"थांब... थांब जरा." आबांचा आवाज वेगळाच होता. "दहा. मधोमध. पण सूनबाई, मला ती दिसली."

"गोळी?"

"गोळी नाही. हवा. हवा दिसली मला." ते दुर्बिणीवरून डोळा काढत नव्हते. "वर कमान करून गेली आणि मागे रेघ राहिली, पाण्यात बोट फिरवल्यासारखी. काचेसारखी. एक क्षणभर होती, मग विरली. छत्तीस वर्षं मी हवा मोजली गं. पाऱ्यात मोजली, फुगे सोडून मोजली. बघितली कधीच नव्हती."

तिच्या नवऱ्याने तिला ही रेघ कितीदा सांगितली होती. गोळीमागे हवा ढवळते, ऊन योग्य असेल तर मागच्या माणसाला दिसते. त्यात तिला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. आता मात्र तिला वाटलं की वळून त्यांचा चेहरा बघावा. पण नियमाप्रमाणे हलता येत नव्हतं.

"अजून नऊ आहेत, आबा," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."

ती नऊही तिने शांतपणे मारल्या. प्रत्येक गोळीनंतर आधी हलकेच "हां..." असा आवाज यायचा आणि मग आकडा. दहा. नऊ. दहा. दहा. सहाव्या गोळीनंतर आबा म्हणाले, "रेघ आता उजवीकडे वाकतेय, वारा वाढला," आणि तिने तेवढं सांभाळून घेतलं. शेवटची गोळी संपल्यावर ती उठून बसली तेव्हा आबांचा डावा डोळा मिटून मिटून लाल झाला होता आणि कानातला एक बोळा कधीच पडून गेला होता. त्यांना पत्ताच नव्हता.

निकाल चार वाजता लागला. नऊशे मीटरवर बत्तिशीबाई पहिली आली. एकूण गुणांत ती दुसरी आणि बेकरीवाला पहिला, एका गुणाने. साडेसातशेवरच्या त्या सातने घात केला होता.

बेकरीवाला मंचावरून उतरला तो सरळ त्यांच्याकडे आला. "बाई, लाज वाटते मला. काल तुम्ही गप्प बसला असतात तर हे पदक तुमचं होतं."

"वाटू द्या थोडी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी हिशेब स्वतः करा."

"छे! हिशेबाला आता हे आहेत ना." त्याने आबांचा हात दोन्ही हातांत घेतला. आबा अवघडले, पण हात सोडवून घेतला नाही.

तिला वाईट वाटलं का? एक गुण म्हणजे एक गुण, तो थोडा वेळ सलला. पण नऊशेच्या कागदावरची ती दाट, गोल झालेली भोकं तिने बघितली होती. असा कागद अकरा वर्षांत तिच्या हातून झाला नव्हता. तिने तो गुंडाळून आबांकडे दिला आणि आबांनी तो बसमध्ये सहा तास गुडघ्यांत उभा धरून आणला, घडी पडू नये म्हणून.

घरी नवरा पाय उशीवर ठेवून वाट बघत होता. "काय झालं?" म्हणाला, आणि दोघं एकदमच बोलायला लागली. ती डोंगराचं सांगत होती, आबा रेघेचं. त्याने दोन्ही हात वर केले. "एकेक करून! आबा, आधी तुम्ही."

पुढच्या रविवारी सकाळी ती क्लबात निघाली तेव्हा आबा बूट घालून दारात तयार होते. नवऱ्याचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. पण दीड महिन्याने प्लास्टर निघालं तरी आबांचे बूट दारातच. शेवटी नवऱ्याने स्वतःसाठी वेगळं स्टूल आणलं. तो वारा बघू लागला आणि आबा हवा. दोघांचं पटायचं नाही. बाप म्हणे एक क्लिक, मुलगा म्हणे दोन, आणि बत्तिशीबाई जमिनीवर पालथी पडून म्हणे, "तुमचं ठरलं की सांगा, मी इथेच आहे."

क्लबाच्या भिंतीवर आबांनी एक कागद लावला. इथला दाब आणि समुद्रसपाटीचा दाब, दोन्हींतला फरक, मोठ्या अक्षरात, उदाहरणासह. खाली लाल शाईने लिहिलं होतं: थर्मामीटर सावलीत ठेवा. बेकरीवाल्याने तो वाचून आपल्या फोनमधली उंचीची चौकट शून्यच आहे ना ते बघितलं आणि तरीही खात्री करायला आबांना विचारलं. आबांनी चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाशी नेला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता हात लावू नका."